बायोप्सीचा न पाहिलेला भाग: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

मी एका सरकारी रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजी (ऊती तपासून रोग ओळखणाऱ्या विभागाची) टेक्निशियन आहे. रोज सकाळी बायोप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी रुग्णाच्या शरीरातून काढून मेणात बसवलेल्या तुकड्यांचे, ब्लॉक बर्फावर गार करायचे आणि मायक्रोटोम या अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्रावर कापायचे, हे माझे काम. 4 मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या 250व्या भागाएवढा) काप कोमट पाण्यावर पसरतो, तो काचेवर अलगद उचलायचा. त्या काचेवर माणसाचा रिपोर्ट ठरतो.

प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) सुईने काढलेला तुकडा जेमतेम 1 मिलिमीटर जाड असतो. त्यातही असे सुमारे 250 काप निघतील. डॉक्टरांसमोर जातात दोन-चार. बाकीचे ब्लॉकमध्येच राहते, काही ट्रिमिंगच्या, म्हणजे ब्लॉक सपाट करताना निघणाऱ्या, चुऱ्याबरोबर कचऱ्यात जाते. एका आजोबांच्या पहिल्या स्लाइडवर काहीच नव्हते. स्लाइड तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमना शंका आली, ब्लॉक आणखी खोल कापायला सांगत म्हणाल्या, "अजून डीपर घे." सातव्या स्लाइडवर तीन बिघडलेल्या ग्रंथी दिसल्या. त्या दिवशी शंका आली नसती तर, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

न कापता अख्खा तुकडा बघता येतो, साहेब. ऊती रसायनांनी पारदर्शक करतात, प्रकाशाचा पातळ पडदा तिच्यातून फिरवतात आणि थरावर थर रचून त्रिमितीय चित्र उभे करतात. तुकडा शाबूत राहतो. एवढे थर डोळ्यांनी तपासायला कोणत्या डॉक्टरला वेळ आहे? तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता लागते. बोस्टनच्या ब्रिगहॅम रुग्णालयातल्या आणि वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये 'ट्रायपाथ' ही प्रणाली मांडली. प्रोस्टेटचा कॅन्सर उलटण्याच्या धोक्याचा अंदाज मोजक्या कापांपेक्षा अख्ख्या तुकड्यावरून चांगला येतो, असे त्यांना आढळले.

पण ही प्रणाली शिकली अमेरिकेतल्या रुग्णांच्या ऊतींवर. आपल्या रुग्णांवर पारखल्याशिवाय ती इथे वापरू नये. पारखायला लागणारा ठेवा आपल्या कपाटांत पडून आहे: जुने ब्लॉक, ज्यांच्या रुग्णांचे पुढे काय झाले हे केसपेपरवर लिहिलेले आहे. मेण काढून त्या ऊतीचेही असे चित्र घेता येते.

म्हणून मागणी एवढीच. एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, टाटा मेमोरियलला सोबत घेऊन, नैतिक समितीच्या परवानगीने हा अभ्यास सुरू करा. तोवर जुने ब्लॉक टाकू नयेत, असा आदेश काढा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मेण मऊ होते, ब्लॉकना थंड जागा द्या. आणि टेक्निशियनची रिकामी पदे भरा. ऊती तिला टिकवणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये वेळेवर पडली नाही, तर पुढे कितीही महागडे यंत्र असो, त्याला बघायला काही उरत नाही.

आपली नम्र,
एक हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन