आई, पॉलिशवाल्याले काहीच देऊ नको

प्रिय आई अन् बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई सांगत होती का महालक्ष्म्या जवळ आल्या, चांदी पार काळी पडली, अन् गावात मोटरसायकलवर दोघं जण दागिने पॉलिश करून देत फिरून राहिले, तं पुढच्या खेपेले आले का आजीच्या पाटल्या, बोरमाळ, तोरड्या सगळं एकदाच देऊन टाकू. मी तवा कंपनीच्या बसमध्ये होतो, धड बोलता आलं नाही, अन् बाबाले फोनवर तसंही नीट ऐकू येत नाही. म्हणून लिहून पाठवतो. ताई आली का तिच्याकडून दोघांनीही वाचून घ्या.

आई, त्या लोकायले काहीच देऊ नको. चहाही पाजू नको अन् दारातही बसू देऊ नको. मोठीमायचं काय झालं ते आठव. आधी तिची पितळेची समई फुकटात चकचकीत करून दिली, मग पायातली जोडवी घासून दिली, मग म्हणे हातातल्या पाटल्या दे. पाटल्या त्यायनं एका वाटीतल्या पाण्यात बुडवल्या, काढून हळद लावली, डब्यात घातल्या अन् अर्धा तास झाकण उघडू नका म्हणून सांगून निघून गेले. पाटल्या डब्यात होत्याच, त्यामुळे चोरी झाली हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. दिवाळीत सोनाराच्या काट्यावर ठेवल्या तवा अर्धा तोळा कमी भरला अन् वरची वेल बोटाले लागेनाशी झाली होती. ते पाणी म्हणजे अम्लराज. हायड्रोक्लोरिक अन् नायट्रिक ॲसिड एकत्र केलं का त्याच्यात सोनं विरघळते, एरवी सोन्याले कोणतंच साधं ॲसिड काही करत नाही. ती वाटी ते लोक सोबत घेऊन जातात अन् नंतर त्याच्यातून सोनं परत काढून घेतात. मोठीमाय आजही पाटल्या घालताना हात थांबवते, मी पाहिलं आहे, अन् तुझ्यावर ती पाळी येऊ नये एवढंच मले वाटते.

आता चांदीचं. चांदी काळी पडली म्हणजे मळली असं नाही. हवेतला गंधक चांदीले लागला का वर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसते, अन् गंधक कुठून येते हे शोधलं का अर्धं काम झालं. मागच्या खेपेले आलो तवा दिवाणाखालची पेटी ओढली तं तिले टेकूनच मुगाच्या भुरी रोगावर मारायची सल्फरची, म्हणजे गंधकाचीच, पिशवी, तीही अर्धी फोडलेली! बाबा, तुमचा दोष नाही, घरात कोरडी जागा तेवढीच आहे हे मले माहीत आहे. पण त्या खोलीत चांदी वर्षभर पांढरी राहणं शक्यच नाही. त्यात आईनं तोरड्या जुन्या स्वेटरात गुंडाळून वरून रबरबँड लावला होता, लोकरीत अन् रबरातही गंधक असते. बाबांच्या जुन्या धोतराचं मऊ धुतलेलं फडकं घे, प्रत्येक दागिना वेगळा गुंडाळ, अन् डब्यात खडूचे दोन तुकडे टाक, ओल ओढून घेतात.

काळी चांदी राखेनं, टूथपेस्टनं घासू नको आई. घासलं का नुसता काळा थर जात नाही, खालची चांदीही जाते, दरवर्षी थोडी थोडी. सोनारसुद्धा मशीनवर पॉलिश करते तवा धूळ उडते अन् त्या धुळीत सोनं असते, म्हणून तं झारेकरी सोनाराच्या दुकानातला केरकचरा विकत घेतात. जोडवी, कुंकवाचा करंडा असं साधं सामान असलं तं पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉईल पसर, वर दागिने ठेव, दोन चमचे खायचा सोडा टाक अन् गरम पाणी ओत. सडक्या अंड्यासारखा वास येईल, येऊ दे, तो गंधकच सुटून राहिला असते. काळेपणा फॉईलकडे जाते अन् चांदी जागेवरच राहते. पण तोरड्या यात टाकू नको. तोरड्यांच्या खोबणीतला काळेपणा कारागिरानं मुद्दाम ठेवला आहे, तो होता म्हणून ती मोराची नक्षी दिसते, तो गेला का सगळं सपाट पांढरं होईल अन् मग कितीही पैसे दिले तरी तसं हातकाम आता कोणी करून देत नाही. तोरड्या फक्त रिठ्याच्या पाण्यात धू.

बोरमाळ तं गरम पाण्याजवळही नेऊ नको. कॉलेजात असताना मी शहाणपणा केला होता ना, उकळत्या पाण्यात टाकली अन् मण्यांच्या भोकातून लाल लाख बाहेर आली. मणी आतून पोकळ असतात, लाख भरली म्हणून ते दबत नाहीत, अन् लाख गरम पाण्यानं मऊ पडते. आजी काही बोलली नाही, नुसती माळ हातात घेऊन बसली. दोन मणी अजून चेपलेले आहेत, ते मले दरवर्षी दिसतात.

सोन्याच्या पाटल्यांसाठी रिठे रात्री भिजत घाल, सकाळी फेस काढ, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेव अन् लहान लेकराच्या मऊ ब्रशनं आतल्या बाजूनं घास, मळ तिथंच बसते. हे सगळं परातीत कर, न्हाणीत नळाखाली नको. अन् शेवटचं पाणी प्यायच्या कॅनचं घे, आपलं बोअरचं पाणी खारपाणपट्ट्यातलं, वाळलं का पांढरे डाग सोडते अन् त्यातलं मीठ चांदीलेही चांगलं नाही. नथीचे मोती तं भिजवूच नको, लिंबू-चिंच लागली तं मोती झिजतो, ओल्या फडक्यानं पुसून घे बस. महालक्ष्म्या उठल्या का कुंकू, अष्टगंध अन् फुलांचा ओलावा त्याच दिवशी पुसून ठेव, मागच्या वर्षी कोयरीच्या नक्षीत कुंकू तसंच वाळून बसलं होतं.

अजून एक, कोणी म्हणालं का जुन्याले हॉलमार्क नाही, मोडून नवीन कर, तं ऐकू नको. हॉलमार्क पाहिजेच हा 2021 च्या जूनपासूनचा नियम विकणाऱ्या सोनारासाठी आहे, तुझ्या पेटीतल्या पाटल्यांसाठी नाही. विकायचं झालंच तं शुद्धता तपासून मिळते. पण आजीच्या पाटल्या आपण विकणार नाही, हो ना बाबा? तेव्हाचा तोळा पुरा 11.66 ग्रॅमचा होता, आजकाल दुकानात दहालाच तोळा म्हणतात. घरचं वजन एकदा दर्यापूरच्या आपल्या सोनाराकडे समोर बसून करून घ्या अन् बाबांच्या शेतीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा, दागिनादागिना.

मी महालक्ष्म्यांच्या दोन दिवस आधी येतो, सुट्टी टाकली आहे. रिठे इकडून आणतो, तू फक्त परात काढून ठेव, आपण दोघं अंगणात बसून धुऊ. तोपर्यंत पेटी उघडू नका. अन् बाबा, ती सल्फरची पिशवी आजच गोठ्यातल्या माळ्यावर नेऊन टाका, तोंड घट्ट बांधून.

तुमचा
मोठा