'बोची द रॉक!': मंगा वगळू नका

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत 'बोची द रॉक!' या जपानी मंगावर (चित्रकथेवर) आणि तिच्या ॲनिमेवर (ॲनिमेशन मालिकेवर) आलेल्या लेखात 'ॲनिमे पाहिला की मंगा वाचायची गरज उरत नाही' असे म्हटले आहे. ते पटले नाही.

आकी हामाजी यांची ही मंगा 'योनकोमा' प्रकारातली, म्हणजे चार चौकटींच्या उभ्या पट्ट्यांची. पानावर दोन पट्ट्या असतात. आधी उजवीकडची वरून खाली वाचायची, मग डावीकडची. पहिल्या चौकटीत प्रसंग उभा राहतो, दुसऱ्यात पुढे सरकतो, तिसऱ्यात वळण घेतो आणि चौथीत विनोद फुटतो. पडद्यावर हेच जसेच्या तसे केले असते तर दर पंधरा-वीस सेकंदांनी एक विनोद पडून चोवीस मिनिटांत जीव कंटाळला असता. म्हणून पटकथाकार एरिका योशिदा यांनी पट्ट्या सांधून सलग प्रसंग केले. दिग्दर्शक केइइचिरो साइतो यांनी नायिकेच्या, म्हणजे बुजऱ्या गिटारवादक हितोरीच्या घाबरण्याला दर वेळी नवे रूप दिले: कधी खरे चित्रीकरण, कधी फिरत्या चक्रावरच्या आकृत्या. २०२२च्या या बारा भागांत मंगाचे जेमतेम पहिले दोन खंड येतात, त्यामुळे पसरायला जागा भरपूर. कधी ती जास्तच होते. नवव्या भागातली एनोशिमाची सहल मला रेंगाळलेली वाटते; कागदावर तेच विनोद चटकन येतात आणि जातात.

संगीतात मात्र ॲनिमे निर्विवाद पुढे आहे, आणि तेही वाईट वाजवून. आठव्या भागातला, हितोरीच्या चार मुलींच्या बँडचा चौघींनी मिळून केलेला पहिला कार्यक्रम पाहा. वादळामुळे प्रेक्षक मोजकेच, त्यातल्या काहींना या बँडशी देणेघेणे नाही. पहिल्या गाण्यात ड्रम मागे पडतात, बासचा मेळ बसत नाही. मुद्दाम स्वर चुकवणे सोपे असते. लय अशी अर्ध्या श्वासाने ढिली ठेवणे कठीण. मग हितोरी एकटीच गिटार छेडते आणि दुसरे गाणे उभे राहते. 'वादन फसले' हे कागद सांगू शकतो, पण कानांना पटवू शकत नाही.

बाराव्या भागात ऐन सोलोच्या तोंडावर गिटार दगा देते, सूर जागेवर राहत नाही. हितोरी साकेचा (जपानी मद्याचा) रिकामा काचेचा पेला तारांवर फिरवून सोलो वाजवते. ही चमत्कृती नव्हे. काच तारेवर हलकी टेकली की स्वर गिटारच्या पडद्यावर (फ्रेटवर) नाही, काच जिथे असेल तिथे ठरतो. तार उतरलेली असेल तर काच किंचित पुढे सरकवून स्वर सावरता येतो. काच फार दाबली तर ती पडद्यावर खडखडते, एवढेच सांभाळायचे. आपल्या विचित्र वीणेवर काचेचा बट्टा हेच काम करतो.

बँडमधल्या चौघींची आडनावे 'एशियन कुंग-फू जनरेशन' या खऱ्या जपानी बँडच्या चार वादकांची आहेत. हा चिमटा दोन्हीकडे सारखाच लागतो, पण शेवटच्या भागाच्या अखेरीस त्याच बँडचे गाणे हितोरीच्या आवाजात ऐकू येते, ते फक्त ॲनिमेत.

तेव्हा नवख्यांनी आधी ॲनिमे पाहावा, आठवा भाग हेडफोन लावून. मंगा मात्र पहिल्या खंडापासूनच वाचावी. थेट तिसरा उचलला तर कथा कळेल, पण चौथ्या चौकटीची लय हाती लागायला पन्नासेक पाने जातील.

— एक वाचक, ठाणे