कागद कपाटात ठेवलाय

ती. बाबा आणि आई यांस सा. न.

चवथीला आलो तेव्हा बाबांच्या जीमेलला आणि दोघांच्याही व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून ठेवलं, म्हणजे नेहमीच्या लॉगिनवर आणखी एक कोड किंवा पिन. बाबा, विचारलं नाही म्हणून रागावू नका. पेन्शनच्या बँकेची पत्रं त्याच मेलवर येतात, आणि पासवर्ड काय, तर ताईचं नाव नि जन्मसाल! तो बदललाच, पण कितीही कठीण पासवर्ड एकदा फुटला की संपलं.

रोजचं काही अडणार नाही. आई, तुझे सकाळचे अभंग, नातवाचे फोटो तसेच उघडतील. जीमेल कोड मागेल तो नव्या फोनवर किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर.

कोड एसएमएसवर मुद्दाम ठेवला नाही. वाळपईला पाऊस लागला की आधी रेंज जाते. शिवाय कुणी खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं सिम काढलं, तर एसएमएस त्याच्याकडे जातात. म्हणून ऑथेंटिकेटर, म्हणजे फोनमध्येच कोड बनवणारं ॲप. त्यातला सहा आकडी कोड दर 30 सेकंदांनी बदलतो, त्याला रेंज लागत नाही. बाजूचं वर्तुळ संपत आलं असेल तर धांदल नको, पुढचा कोड येऊ द्या. तो फोनच्या घड्याळावरून बनतो, तेव्हा वेळ 'ऑटोमॅटिक'च राहू दे. घड्याळ मागेपुढे केलंत तर बरोबर कोडही चुकीचा ठरेल.

बाबा, तुम्ही वरच्या खिशात फोन ठेवून विहिरीवर वाकता, म्हणून पासबुकांच्या पाकिटात कागद ठेवलाय: फोन बिघडला तर ऑथेंटिकेटरच्या कोडऐवजी टाकायचे, आठ आकड्यांचे दहा कोड. एक कोड एकदाच चालतो. वापरला की काट मारा. प्लास्टिकमधून बाहेर ठेवू नका, दमटाने शाई पसरेल. त्याचा फोटो काढायचा नाही, मला पाठवायलासुद्धा नाही.

आई, 'माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव गं' असा मेसेज मावशीच्या नावाने आला तरी पाठवायचा नाही. तिचं व्हॉट्सॲप आधीच कुणी पळवलेलं असू शकतं. माझ्या डब्याच्या झाकणावरसुद्धा नाव कोरून घ्यायचीस ना, तेवढीच काळजी इथे घे. मी मागितला तरी देऊ नकोस, मला वाईट वाटणार नाही. व्हॉट्सॲप अधूनमधून पिन विचारतं, घाबरू नकोस. विसरलीस तर मेलवर लिंक येईल. मेल जोडला नसता तर सात दिवस थांबावं लागलं असतं.

आपण लॉगिन करत नसताना 'तुम्हीच आहात का?' असं आलं, तर 'नाही' दाबा. पैसे गेलेच तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग मला. लपवायचं नाही, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

बाबा, कागद आईला आजच दाखवा. आणि प्रेशरची गोळी चुकवू नका.

तुमचा,
बाळ