बीएस्सी फिजिक्स करून पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की पालक येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, सर, पोरीने बीएस्सी फिजिक्स केलं तर पुढे काय, बीएडच ना? मी जिल्ह्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि हल्ली अशा वेळी मी सुझी शीही यांचं नाव सांगतो.

या बाई ऑस्ट्रेलियाच्या. मेलबर्नला शिकल्या, मग ऑक्सफर्डला जाऊन २०१० मध्ये डॉक्टरेट घेतली, आणि विषय काय तर कॅन्सरच्या उपचारासाठी नव्या प्रकारच्या पार्टिकल अॅक्सिलरेटरचं, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचं डिझाइन. कॅन्सरची गाठ जाळायला वापरतात तो एक्स-रे शरीरातून आरपार जातो, वाटेतल्या चांगल्या पेशींनाही भाजतो, प्रोटॉन मात्र आपली बहुतेक ऊर्जा शेवटच्या टप्प्यात टाकून तिथेच थांबतो. आता गाठ किती खोल आहे त्याप्रमाणे ऊर्जा बदलावी लागते आणि नेहमीच्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणाऱ्या मशीनमधून, प्रोटॉन एकाच ऊर्जेने बाहेर येतात, मग मध्ये ग्राफाइटसारखं काहीतरी घालून त्यांचा वेग कमी करावा लागतो, त्यात प्रोटॉनचा बराच झोत वाया जातो. म्हणून मॅग्नेटचं फील्ड स्थिर ठेवूनही ऊर्जा बदलता येईल असं मशीन कसं बनवायचं, हा त्यांचा प्रश्न. निव्वळ फिजिक्स आहे हे, आणि पोचतं थेट पेशंटपर्यंत. आज त्या मेलबर्न विद्यापीठात मेडिकल अॅक्सिलरेटरवर काम करणारा ग्रुप चालवतात, शिवाय जिथे लाइट सारखी जाते, सुटे भाग महिनोन्‌महिने मिळत नाहीत, अशा गरीब देशांत टिकतील अशी रेडिओथेरपीची, म्हणजे किरणांनी उपचार करायची, मशीन कशी बनवायची यावरही काम केलंय. मला स्वतःला हे दुसरं काम जास्त मोठं वाटतं.

आणि हे सगळं करताना त्या लोकांशी बोलत राहिल्या. ऑक्सफर्डला असताना शाळकरी पोरांसाठी ‘अॅक्सिलरेट’ नावाचा शो केला, २०१० मध्येच त्यांना ब्रिटिश सायन्स असोसिएशनचं लॉर्ड केल्विन व्याख्यान द्यायचा मान मिळाला, २०२२ मध्ये कणभौतिकीतल्या प्रयोगांवर पुस्तक आलं. संशोधनातून वेळ उरला तर बोलू, असा प्रकार नाही.

आपल्याकडे मशीन नाहीत असं नाही हो. खारघरला टाटा मेमोरियलचं प्रोटॉनने कॅन्सरवर उपचार करणारं सेंटर २०२३ पासून सुरू आहे. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संशोधन संस्थेने देशी लिनॅक, म्हणजे एक्स-रेने कॅन्सरवर उपचार करायचं मशीन, बनवलं, ते आमच्या सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलात बसलं. बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं, भाभाट्रॉन हे कोबाल्टच्या किरणांनी उपचार करणारं मशीन आहे. पण ही मशीन बनवणारी, चालवणारी माणसं मराठीत आमच्यासमोर येतात कुठे? परिणाम काय होतो तो बघा. शेजारच्या आजोबांना कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायला नेत होते, तर घरी त्यांचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, नातवाला जवळ येऊ देत नव्हते. मी जाऊन समजावलं की बाहेरून मशीनने देतात तो शेक मशीन बंद झालं की संपतो, लिनॅकमध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोवेव्हने पळवून टंगस्टनवर आदळवतात त्यातून एक्स-रे निघतो, वीज बंद की किरण बंद, आजोबांच्या अंगात काहीही राहत नाही. सुनेने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग हे आम्हाला आधी कुणी सांगितलं का नाही? तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

म्हणून दोन विनंत्या. खारघर, बीएआरसी, समीर इथल्या तरुण शास्त्रज्ञांना आणि मेडिकल फिजिसिस्टना, म्हणजे हॉस्पिटलात किरणांचं मोजमाप बघणाऱ्या फिजिक्सवाल्यांना, वर्षातले काही दिवस जिल्ह्याच्या कॉलेजांत, जमलं तर हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये, मराठीत बोलायला पाठवा आणि ते त्यांच्या कामात धरा, प्रमोशनच्या वेळी मोजा. आणि आपल्या पेपरने महिन्यातून एकदा त्यांच्यापैकी एकाला अर्धं पान द्यावं. जयंत नारळीकरांनी मराठीत लिहिलं म्हणून आमच्या पिढीतले कितीतरी जण सायन्सकडे वळले, त्यातला मीही एक. आमच्या कॉलेजचा हॉल आणि प्रोजेक्टर कधीही मोकळा करून देतो, मुलांना जमवायचं काम माझं.

आपला,
एक फिजिक्सचा शिक्षक, वर्धा