अनिकाची खरी उंची

रविवारच्या क्रीडा पानावरील गोल्फपटू अनिका सोरेनस्टाम यांच्यावरचा लेख वाचला. लेख माहितीपूर्ण असला, तरी २००३ मध्ये टेक्सासमधील कलोनियल स्पर्धेत त्या पुरुषांबरोबर खेळल्या, हाच त्यांच्या कारकिर्दीचा कळस मानण्याला माझा आक्षेप आहे. तिथे त्यांनी ७१ आणि ७४ फटक्यांच्या दोन फेऱ्या खेळल्या आणि चार फटक्यांनी त्यांची पुढची फेरी हुकली. १९४५ नंतर पीजीए टूरवर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेत, खेळणारी पहिली महिला म्हणून त्या प्रसंगाला महत्त्व आहेच. पण त्यावरून त्यांचे मोजमाप करणे म्हणजे पुरुषांची पट्टी घेऊन बायकांची उंची मोजण्यासारखे आहे.

त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च २००१ मध्ये, फीनिक्सला त्यांनी ५९ फटक्यांत एक फेरी संपवली होती. तेरा बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी), एकही बोगी (एक फटका जास्त) नाही! एलपीजीएच्या, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक गोल्फ मालिकेच्या, अधिकृत स्पर्धेत ६० च्या आत येणारी ती पहिली महिला. लेखात याला जेमतेम एक ओळ मिळाली. एलपीजीएवरची ७२ विजेतेपदे आणि १० मेजर (सर्वांत मानाच्या स्पर्धांचे) किताब तर शेवटच्या चौकटीत कोंबलेले दिसले.

आणि निवृत्ती? २००८ मध्ये तीन स्पर्धा जिंकलेल्या मोसमातच, वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्या थांबल्या. फॉर्म हरवल्यावरही मैदान न सोडणारे खेळाडू आपण पाहतो, म्हणून मला तर तो निर्णय कलोनियलपेक्षा धाडसी वाटतो.

- एक वाचक, पुणे