सातचा भोंगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत धावपळीतून स्वतःसाठी वेळ काढण्याविषयीचा लेख वाचला. लेख चांगला होता, पण त्यातला सगळा उपदेश एकट्यादुकट्याला होता. पहाटे उठा, फोन लांब ठेवा, दीर्घ श्वास घ्या, वर्षातून एकदा डोंगरात जाऊन राहा. त्याच पानावर खाली डोंगरातल्या एका रिसॉर्टची जाहिरात होती, तो योगायोग असावा.

मी डोंबिवलीत राहते, नोकरी फोर्टात, हिशेबाच्या खात्यात. एकटीनं थांबून बघायचा प्रयोग मी केलेला आहे. चार वर्षांपूर्वी रजा जमवून इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये ही साधना ब्रह्मदेशातून इकडे घेऊन आले आणि १९७६ पासून धम्मगिरीत शिबिरं होताहेत. फी एक पैसाही नाही, शेवटी ज्याला वाटेल त्यानं दान द्यायचं. पहाटे चारला घंटा, आर्य मौन म्हणजे कुणाशी बोलणं नाही की खाणाखुणा नाहीत, फोन-पुस्तक-वही पहिल्याच दिवशी जमा. संध्याकाळी पाचला चहा-चुरमुरे आणि एखादं फळ, की त्या दिवसाचं खाणं संपलं. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून बसल्यावर मला शांती वगैरे काही गवसली नाही. गवसलं ते नऊ वर्षांपूर्वी जाऊबाई चारचौघांत मला जे बोलल्या होत्या ते, त्यांच्याच आवाजात, स्वल्पविरामासकट. तेव्हा मी हसून विषय बदलला होता. त्या दिवशी मात्र तासभर रडले. स्वतःशी भेट म्हणतात ती बहुधा अशीच होत असणार, लेखात लिहितात तशी सुगंधी नाही.

शिबिर फार मोलाचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. परतताना जीपनं कसाऱ्यापर्यंत आले, लोकलमध्ये खिडकी मिळाली, फोन चालू केला आणि आसनगाव येईपर्यंत तो हातात थरथरतच होता. ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मुलीच्या शाळेचा ग्रुप. ‘कुठे आहेस? अर्जंट’ असा साहेबांचा निरोप तर रजेच्या दुसऱ्याच दिवशीचा होता. दहा दिवसांत जे कमावलं ते पंधरा दिवस पुरलं. मी थांबले होते, बाकी कुणीच थांबलं नव्हतं, आणि जो थांबतो त्याचं काम साचतं.

म्हणूनच मला इगतपुरीपेक्षा मोहित्यांचे वडगाव जास्त महत्त्वाचं वाटतं. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात हे गाव आहे. करोनाच्या काळात शाळा फोनवर आली, शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातातला फोन सुटेना. तेव्हा गावानं ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बंद, ते साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला लोक हसले. मग अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. यातली खरी गंमत दीड तासात नाही, भोंग्यात आहे. सगळ्यांचे फोन एकदम बंद असले की आपलं काही हुकतंय असं कुणालाच वाटत नाही.

आणि सातच का? ती दिवेलागणीची वेळ. आजी देवापाशी दिवा लावायची, आम्ही हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायचो, उंबऱ्यावर बसायचं नाही, केर काढायचा नाही, कुणी झोपायचं नाही. त्यातलं निम्मं खुळचट होतं हे मान्य. पण त्या वेळी गल्लीतल्या प्रत्येक घरात तेच चाललेलं असायचं. पुढे २००५ च्या सुमारास भारनियमनानं तोच उद्योग जबरदस्तीनं केला. डोंबिवलीत दिवे गेले की सगळी बिल्डिंग गच्चीवर. डास, घाम, वीजमंडळाला शिव्या, सगळं होतं, पण शेजारच्या काकांना पेटी वाजवता येते हे आम्हाला त्या अंधारातच कळलं. भारनियमन परत आणा असं मी म्हणत नाही. (आणलंत तरी आता सगळ्यांकडे इन्व्हर्टर आहेत.)

हे सारं डोक्यात घेऊन मी आमच्या सोसायटीच्या सभेत विषय मांडला. बेचाळीस घरं, गुरुवारी रात्री नऊ ते पावणेदहा, एवढंच. सात शक्य नव्हतं, सातला आमच्यातले निम्मे लोक गाडीत लोंबकळत असतात. पार्किंगच्या वादाला तास दीड तास दिलेल्या सभेनं या विषयाला सात मिनिटं दिली. म्हाताऱ्यांना बरं नसलं तर? त्यावर एका काकूंनीच तोड काढली, वॉचमनच्या केबिनमधला फोन चालू ठेवायचा आणि नंबर नातेवाइकांना देऊन ठेवायचा. बाहेरच्या देशातल्या मुलांचे फोन नेमके त्याच वेळी येतात, हीही अडचण खरीच होती. पण सगळ्यांत जास्त हात वर झाले ते ‘साहेबांचा मेसेज आला तर?’ या प्रश्नाला. इथे सोसायटीचं काही चालत नाही. कामाच्या वेळेनंतर साहेबाला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सनं १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात घेतला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत तसं विधेयक मांडलं होतं, पण ते खासगी, म्हणजे सरकारनं न आणता खासदारानं स्वतःहून मांडलेलं. खासगी विधेयकाचा कायदा होण्याचा योग १९७० नंतर आलेलाच नाही.

शेवटी अकरा घरं तयार झाली. भोंगा नाही म्हणून मी जिन्यात उभी राहून स्टीलचं ताट उलथन्यानं वाजवते. पहिल्या गुरुवारी आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी नुसते बसलो होतो. काय करायचं कुणालाच सुचेना. मुलीनं फ्रिजमधून मटारच्या शेंगा काढल्या आणि आम्ही सोलायला घेतल्या. थोड्या वेळानं माझं लक्ष माझ्याच उजव्या अंगठ्याकडे गेलं. शेंगा संपल्या होत्या आणि तो टेबलाच्या काचेवर खालून वर, खालून वर सरकत होता. ह्यांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, पण स्वतःचे हात मांडीवर घेतले.

आता नऊ आठवडे झाले. अकराची मधे सात घरं झाली होती, सध्या चौदा आहेत. दोनदा मीच विसरले, तेव्हा बी विंगमधून कुणीतरी ताट वाजवलं. कुणी ते अजून कळलेलं नाही.

आपल्याकडे मागणं दोनच. एक, या विषयावर पुन्हा पान कराल तेव्हा रिसॉर्टऐवजी वडगावला जा, तेही सातच्या आधी पोचून, आणि वार्ताहरानं फोन खिशात ठेवून. दुसरं, आपल्या ॲपवरून रात्री नऊनंतर ‘मोठी बातमी’ म्हणून येणाऱ्या सूचना थांबवा. परवाची मोठी बातमी एका नटीच्या साडीची होती.

हे पत्र आज गुरुवारी कागदावर लिहिते आहे. पावणेदहा वाजले, खालून पुन्हा ताट वाजलं. टाइप करून मेल उद्या गाडीत करीन, बसायला मिळालं तर.

आपली,
एक जुनी वाचक, डोंबिवली (पूर्व)