लातूर-अंबाजोगाई रस्त्यावरच्या मिस्त्रीचाचांना

चाचा, सलाम.

त्या संध्याकाळी उसाच्या डबल ट्रॉलीचे मागचे दिवे तुम्ही नीट करून दिलेत आणि मी नुसते हात जोडून निघालो. कारखान्यावर नंबर लावायचा होता. मनातलं मनातच राहिलं, ते आज सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्याआधी एकाने दिवे मंद लागतात म्हणून जास्त वॅटचे बल्ब घातले. उजेड वाढला नाहीच, वायर मात्र तापायला लागली. फ्यूज उडाला तेव्हा दुसऱ्याने त्या जागी तांब्याची तार गुंडाळली. विचारलं तर म्हणे, "तुम्हाला काय करायचंय, लाईट लागली ना?" अंधारात उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसं जातात हो. पैसे घेताना त्यांना हे आठवलं नसेल?

तुम्ही आधी पहिल्या वॅटचे बल्ब परत बसवले, मला ब्रेक दाबून धरायला लावला आणि मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, शेवटच्या ट्रॉलीच्या बल्बवर साडेदहा. मग बल्बचा रिकामा खोका फाडलात आणि पेन माझ्या दहावीतल्या पोरीच्या हातात दिलंत. "बेटा, हिशेब तू कर."

टेलचे ५ वॅटचे २, ब्रेकचे २१ वॅटचे २, मिळून ५२ वॅट. भागिले १२ व्होल्ट, म्हणजे ४.३ अँपियर. तार १ चौरस मिलिमीटरची, जाऊन-येऊन ३० मीटर, रोध अर्धा ओहम. गुणाकार केला तर दोन व्होल्ट वाटेतच खलास! तेवढ्यानेच असल्या बल्बचा उजेड जवळपास निम्मा होतो, हे तुम्ही सांगितलंत. मग जास्त वॅटचा बल्ब म्हणजे जास्त अँपियर आणि तारेत आणखी तूट, हे तिचं तिलाच उमगलं. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेने तूट एका व्होल्टच्या आत येते, असं ती म्हणाली आणि तुम्ही लगेच गॅरेजमधल्या पोराला हाक मारलीत, "अडीचची काढ रे."

चाचा, तुम्हाला ते उत्तर आधीच ठाऊक असणार. तरी तिच्या उत्तराची वाट पाहिलीत आणि त्यावरच तार तोडलीत. ओहमचा नियम तिने नववीत पाठ केला होता. तिच्या शब्दावर एवढ्या मोठ्या माणसाने काम केल्याचं तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरी येईपर्यंत तिचं तोंड मिटलं नाही, आणि मला ट्रॅक्टर चालवताना भरून येत होतं.

मायनसची वेगळी तार, बॅटरीजवळ साडेसात अँपियरचा फ्यूज, सगळं जागच्या जागी आहे. हिशेब कळला तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून झाकून ठेवणारे पुष्कळ भेटले. तुम्ही तो उघडून दाखवलात, म्हणून तर आम्ही कायमचे तुमचे झालो.

पुढच्या हंगामाआधी भावकीतल्या दोघांच्या ट्रॉल्या घेऊन येतो. त्यांचा लोड पोरीने मांडून ठेवलाय, तेवढा एकदा तपासा.

तुमचा,
एक ऊसवाला